अठ्ठावन्न वाघिणी

गेल्या फेब्रुवारीत एका नातलगाकडचे लग्न आटोपून मी म्हसावद स्थानकावर भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहत उभा होतो. दुपार कलली होती, फलाटावर पंधरा-वीस माणसे होती. तेवढ्यात पाचोऱ्याच्या बाजूने न थांबणारी मालगाडी आली. इंजिन गेले, पाठोपाठ रिकाम्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रांग सुरू झाली, आणि जुन्या सवयीने माझी नजर चाकांवर गेली. आठवी की दहावी वाघीण पुढून जात असताना मला स्पष्ट जाणवले, की गाडी जागच्या जागी उभी आहे आणि फलाटच मला घेऊन उलट दिशेने निघाला आहे. भानावर आलो तेव्हा मी शेजारचा खांब दोन्ही हातांनी धरला होता आणि चहा विकणारा एक मुलगा किटली खाली ठेवून माझ्या दंडाला हात घालत होता. "बाबा, तुमाले चक्कर आली का?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो. ते खरेही होते, पण चक्कर नव्हती तर काय होते, हे मला त्या वेळी सांगता आले नसते.

या प्रसंगाची मला एवढी लाज का वाटली, हे कळण्यासाठी माझे काम काय होते ते सांगायला हवे. १९७७ मध्ये मी भुसावळ यार्डात कॅरेज अँड वॅगन, म्हणजे डबे आणि वाघिणी तपासणाऱ्या, विभागात खलाशी म्हणजे मदतनीस कामगार म्हणून लागलो आणि २०१३ मध्ये त्याच विभागातून निवृत्त झालो. यार्डात शिरणारी मालगाडी थांबण्यापूर्वी, ती चालत असतानाच एकदा तपासायची असते. त्याला 'रोलिंग-इन' किंवा आमच्या बोलण्यात नुसते 'रोल-इन' म्हणतात. रुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उकिडवा बसतो आणि वेग कमी केलेल्या गाडीचा खालचा भाग, म्हणजे चाके, स्प्रिंगा, ब्रेकचे दांडे आणि ॲक्सलची टोके, नजरेखालून घालतो. लोंबणारा दांडा, तुटलेली स्प्रिंग, ब्रेक चिकटल्यामुळे न फिरता घसरत येणारे चाक हे सारे चालत्या गाडीतच पकडायचे, कारण यातल्या काही खोडी गाडी थांबली की दडून बसतात. सपाट झालेले चाक कानाला कळते, तापलेला ॲक्सल नाकाला कळतो आणि गाडी थांबल्यावर हाताच्या पाठीला कळतो. बाकी सगळे काम डोळ्यांचे.

बॉक्स-एन जातीच्या, म्हणजे वरून उघड्या वाघिणींच्या, गाडीला ५८ वाघिणी असत. प्रत्येक वाघिणीला एका बाजूने चार चाके, म्हणजे माझ्या बाजूची २३२ चाके झाली. एक वाघीण पावणेअकरा मीटरच्या आसपास लांब असते, तेव्हा ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी दर सव्वा सेकंदाला एक वाघीण डोळ्यांपुढून नेते आणि सव्वा मिनिटात सगळी परीक्षा संपते. नवा असताना मला काहीच दिसत नसे. समोर फक्त एक काळा, खडखडणारा पट्टा असे. आमच्या वेळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की समोरचे चाक बघू नकोस, येणारे बघ. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. पुढे एकदा मी कागदावर हिशेब केला तेव्हा त्यांचे म्हणणे किती नेमके होते ते कळले. रुळापासून साडेतीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या अगदी समोरून जाणारे चाक त्याच्या नजरेत सेकंदाला सुमारे १३५ अंश सरकते. तेच चाक दहा मीटर अलीकडे असताना सेकंदाला जेमतेम १५ अंश सरकत असते. माणसाचा डोळा फिरत्या वस्तूला चिकटून सुमारे ३० अंशांपर्यंत आरामात जातो, त्यापुढे त्याची धाप लागत जाते. म्हणून चाक लांब असताना पकडायचे, ते जवळ येईपर्यंत त्याच्याबरोबर यायचे, हातचे सुटले की झटक्यात मागे जाऊन पुढचे पकडायचे.

संथपणे मागे जाणे आणि झटक्याने परत येणे, या डोळ्यांच्या हालचालीला नेत्रतज्ज्ञांनी एके काळी 'रेल्वे निस्टॅग्मस' असेच नाव दिले होते, हे मला फार उशिरा कळले. गाडीच्या खिडकीत बसून बाहेर बघणाऱ्या प्रत्येकाचे डोळे हेच करतात आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. नंदुरबारला मुलीकडे जाताना अमळनेर सोडले की माझी नात खिडकीशी बसते. तिच्या डोळ्यांकडे मी कितीदा तरी बघितले आहे. कपाशीच्या सऱ्यांबरोबर बुबुळे हळूच मागे सरकतात, टुणकन पुढे येतात, पुन्हा सरकतात. तिला विचारले तर ती म्हणते, मी नुसती बघते आहे.

म्हसावदच्या प्रसंगानंतर मुलाने मला जळगावला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी निरुत्तर झालो. "चक्कर म्हणजे तुम्हाला नेमके काय होते?" आपल्या भाषेत यासाठी शब्दांची कमतरता नाही, पण आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. घर फिरल्यासारखे वाटते ते गरगरणे. डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस खाली बसतो ती घेरी किंवा भोवळ. आणि डोके जागेवर, शुद्ध जागेवर, फक्त शरीर एका अंगाला जाते तो झोक. मला झोक गेला होता. मी तसे सांगितले तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, कारण गरगरण्याचे मूळ बहुधा कानात, अंधारीचे बहुधा रक्तदाबात किंवा एखाद्या गोळीत, आणि झोकाचे मूळ अनेक ठिकाणी विखुरलेले असते.

त्यांनी आडवे करून आणि उभे करून रक्तदाब मोजला. मान एका बाजूला वळवून मला झटकन पाठीवर निजवले आणि डोळ्यांकडे निरखून बघितले. अंतर्कर्णात चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म कण असतात. ते वयोमानाने सुटून भलत्या नळीत शिरले की कूस बदलताना खोली गरगरते. ही व्याधी म्हाताऱ्यांत पुष्कळ आढळते आणि डोके ठराविक क्रमाने वळवून कण परत जागी आणता येतात. तिचे वर्णन १९२१ मध्ये रॉबर्ट बारानी यांनी केले होते. कानात थंड पाणी घातले की रोग्याचे डोळे का हेलकावतात, याचा शोध घेऊन अंतर्कर्णाची परीक्षा शोधून काढणारे व्हिएन्नाचे डॉक्टर ते हेच. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. असो. माझे कण जागच्या जागी होते.

मग त्यांनी मला पावले जुळवून उभे केले. डोळे उघडे असताना मी ठीक होतो. डोळे मिटायला सांगितले, आणि अर्ध्या मिनिटात मी गव्हाच्या ओंबीसारखा डोलू लागलो. ही परीक्षा एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतर पायाच्या अंगठ्यावर थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवून थरथर थांबली की सांगा म्हणाले. मी थांबली म्हणालो, तेव्हा त्यांनी तोच चिमटा माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला. तिथे तो अजून चांगला थरथरत होता.

उभे राहणे ही तीन साक्षीदारांच्या भरवशावर चालणारी गोष्ट आहे, असे त्यांनी मला समजावले. पहिला साक्षीदार तळपायाची त्वचा आणि घोट्या-गुडघ्यांचे सांधे; जमीन कशी आहे आणि भार कुठे आहे हे ते सांगतात. दुसरा अंतर्कर्ण. त्यात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्याने बारीक केसांच्या पेशी वाकतात. खाली कोणती बाजू हे सांगायला चुनखडीच्या कणांच्या दोन पिशव्या वेगळ्या. तिसरा साक्षीदार डोळे. वयाबरोबर तळपायाची संवेदना बोथट होते. अंतर्कर्णातील केसपेशी कमी होत जातात आणि माणसाच्या शरीरात त्या गेल्या की व्यवहारतः गेल्याच, भरपाई होत नाही. दोन साक्षीदार असे हळू आवाजात बोलू लागले की मेंदू तिसऱ्यावर जास्त विसंबतो. म्हणजे तरुण माणूस अंधारात शेतातून घरी येतो आणि म्हाताऱ्याला स्वतःच्याच घरात रात्री मोरीपर्यंत जायला दिवा लागतो, त्यात दृष्टीच्या अधूपणाइतकाच वाटा या विसंबून राहण्याचा असतो.

इथपर्यंत मला पटले. पण माझे डोळे तर चांगले होते; दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून भिंग बसवले होते आणि तक्त्यावरची खालची ओळ मी वाचत होतो. मग ज्याच्यावर सारा भार तो साक्षीदार शाबूत असताना मी कललो कसा? डॉक्टरांनी उत्तर देण्याआधी मला एक खेळ करायला लावला, तो वाचकांनीही करून बघण्यासारखा आहे. वर्तमानपत्र हातात धरून डोके स्थिर ठेवायचे आणि कागद डावीउजवीकडे भराभर हलवायचा. अक्षरे पुसट होतात. आता कागद स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवायचे. अक्षरे वाचता येतात. डोळा आणि कागद यांच्यातली सापेक्ष हालचाल दोन्ही वेळा सारखीच असते, परंतु डोके हलले की अंतर्कर्ण जवळपास एका शतांश सेकंदात डोळ्यांच्या स्नायूंना उलट वळवतो. बाहेरची वस्तू हलली तर हा जवळचा रस्ता नसतो. ती आधी दिसावी लागते, मेंदूने तिची दिशा आणि वेग काढावा लागतो, मग डोळा निघतो. यात दहापट किंवा त्याहून अधिक वेळ जातो. म्हातारपणी पहिला रस्ता खडबडीत होतो आणि दुसरा त्याहून जास्त रेंगाळतो. डोळा निघतो उशिरा, वस्तूपेक्षा हळू धावतो, मागे पडतो आणि ते अंतर भरून काढायला छोट्या छोट्या उड्या मारतो. डॉक्टरांनी पेनाचे टोक माझ्यापुढे डावीउजवीकडे फिरवले आणि त्याचे चित्रण मोबाइलवर मला दाखवले. माझी बुबुळे जिना उतरणाऱ्या माणसासारखी पायरी-पायरीने चालली होती. छत्तीस वर्षे ज्या डोळ्यांनी भाकरी मिळवून दिली, त्यांची चाल बघताना काय वाटले ते लिहिणे मला जमणार नाही.

तक्त्यावरची ओळ वाचणे हे उभ्या गाडीचे परीक्षण आहे, हे मी त्या दिवशी शिकलो. चष्म्याच्या दुकानात, मोतीबिंदूच्या शिबिरात, वाहन परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, सगळीकडे आपल्याला स्थिर अक्षरे दाखवतात. हलणारे किती दिसते, हे कुणी विचारत नाही.

तरीही यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला नंतर वाचनात सापडली. २००५ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी तरुण आणि वृद्ध माणसांना पडद्यावर सरकणारे पट्टे दाखवून ते कोणत्या दिशेला सरकतात हे विचारले होते. पट्टे लहान असताना तरुण सरस ठरले, यात नवल नाही. पण पट्टे मोठे, ठळक आणि नजरेचा बराच भाग व्यापणारे असताना वृद्धांना दिशा तरुणांपेक्षा लवकर ओळखता आली. याचे कारण असे मानतात, की तरुण मेंदू मोठ्या पार्श्वभूमीची हालचाल मुद्दाम दाबून टाकतो. सगळे दृश्य एकदम सरकत असेल तर ते बहुधा बिनमहत्त्वाचे आहे आणि त्यापुढे वेगळी हलणारी छोटी वस्तू महत्त्वाची आहे, असा त्याचा व्यवहार असतो. हा दाब वयाबरोबर ढिला पडतो. मागचे मागे राहत नाही, पुढे येते.

हे वाचले आणि मला म्हसावदचा फलाट पुन्हा दिसला. रोल-इनच्या वेळी मी जे करत होतो ते नेमके हे दाबून टाकणेच होते. खडखडणारा अजस्र पट्टा मनातून पुसायचा आणि त्यातली एक ढिली पिन बघायची. आता पिन हरवली आहे आणि पट्टा उरला आहे. नजरेचा सारा पट एका दिशेला धावताना दिसला, त्याला गप्प करणारे आत कुणी नव्हते, तळपाय आणि कान यांची साक्ष क्षीण होती, तेव्हा मेंदूने असा निष्कर्ष काढला की गाडी चालली नसून माणूसच उलट दिशेने पडतो आहे. मग त्याने मला सावरण्यासाठी गाडीच्या दिशेने ढकलले. चुकीच्या खबरीवरून केलेली ती अगदी चोख दुरुस्ती होती. भुसावळच्या फलाटावर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असे प्रत्येकाला क्षणभर वाटते. तो भ्रम आणि माझा झोक ही एकाच घरची भावंडे आहेत. फरक इतकाच, की तरुणाला तो गंमत म्हणून होतो आणि बसलेला असताना होतो.

१९७४ मध्ये डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन या संशोधकांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना अशा खोलीत उभे केले होते, की जिची जमीन स्थिर आणि भिंती हलवता येणाऱ्या होत्या. भिंत थोडी सरकवली की मुले डोलत, कित्येक वेळा चक्क पडत, जणू जमीनच हलली. यावरून म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, हे वाक्य कुणी मला ऐकवू नये. मुलाचे इतर साक्षीदार अजून कामावर रुजू व्हायचे असतात. आमचे निवृत्त झालेले असतात.

एकदा कारण कळल्यावर मागच्या दोन-तीन वर्षांतल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होत गेला. मी आठवडे बाजारात जाणे सोडले होते. घरच्यांना वाटले की मला ओझे नको असते, किंवा मी माणूसघाणा झालो आहे. मलाही तसेच वाटू लागले होते. वस्तुतः बाजारात दोन्ही बाजूंनी माणसे सरकत असतात, डोक्यावरच्या ताडपत्र्या फडफडत असतात, मधूनच एखादी केळीची हातगाडी आडवी येते, आणि स्थिर असे काही नजरेला धरायला मिळत नाही. मी भरताच्या वांग्यांच्या ढिगापुढे उभा राहून भाव न विचारता नुसताच ढीग बघत असे. आता कळते की मी त्या ढिगाला धरून उभा होतो. महामार्ग ओलांडताना बायको माझी बाही ओढते, त्याचेही मूळ हेच. वय झालेली माणसे येणाऱ्या वाहनाचा वेग पारखण्यापेक्षा त्याचे अंतर बघून निघतात असे अभ्यासांत दिसले आहे. लांब आहे म्हणून मी निघतो, आणि ती लांबची मोटारसायकल ताशी ऐंशीने येत असते. जिन्याचे वेगळेच प्रकरण. बायफोकल चष्म्यातून खाली बघितले की वाचायच्या भिंगातून पायरी दिसते, म्हणजे ती नीट दिसतच नाही. डॉक्टरांनी चालण्यासाठी साधा लांबचा चष्मा वेगळा करून दिला. माझ्या मते साऱ्या उपचारांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे असते. त्यांतली किती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडली असतील, याचा विचार मी आता प्रत्येक जिन्यावर करतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावी, यावल तालुक्यात, अजून झोके बांधतात. पूर्वीसारखे प्रत्येक कडुनिंबाला नव्हेत, पण दोन-तीन तरी असतातच, आणि माहेरवाशिणी आल्या की गाणी होतात. यंदा आम्ही गेलो होतो. माझी बायको सहासष्ट वर्षांची आहे. तिने पदर खोचला, पुतण्याच्या बायकोला बाजूला सारले आणि झोक्यावर उभी राहिली. मी खाटेवर बसून बघत होतो. झोका हा तपासणीच्या पेनापेक्षाही कठीण प्रश्न होता, कारण मधोमध त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि टोकाला तो थांबून उलटा फिरतो. टोकाला मला तिचा चेहरा दिसे, मधे नुसती हिरवी साडी दिसे, पुन्हा दुसऱ्या टोकाला चेहरा. दोन्ही ठिकाणी ती हसत होती. तिच्या कानातला द्रव, तिचे सांधे आणि तिचे डोळे तिघेही तिला एकच गोष्ट सांगत होते, आणि मी जमिनीवर चार पायांच्या खाटेवर बसून तिच्याकडे बघता बघता एका अंगाला कललो होतो. झोक आणि झोका हे शब्द इतके जवळचे का, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला. उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्हीच बसून बघा ना." मी बसलो. ती हळूहळू झोका देत राहिली. आश्चर्य असे की झोक्यावर बसल्यावर मला काही झाले नाही, कारण आता डोकेच हलत होते आणि काम त्या जवळच्या रस्त्याचे होते. तो रस्ता खडबडीत असेल, पण बंद झालेला नव्हता.

गाडी वळणावर असताना घरे आणि झाडे तिरपी झालेली दिसतात, हे ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी रेल्वेतून जाताना टिपले होते आणि तिथून त्यांचे गतीच्या जाणिवेवरचे काम सुरू झाले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १८७५ मध्ये निघाले. वळणावर बाहेरचा रूळ उंच केलेला असतो, हे आम्हाला रोजचे होते, पण मी कधी खिडकीबाहेर बघून हा प्रश्न विचारला नाही. आमची नजर डब्याखाली.

डॉक्टरांनी दिलेले व्यायाम कुणालाही क्षुल्लक वाटतील असे आहेत. त्यांचे मूळ १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये बसवलेल्या व्यायामांत आहे. अंतर्कर्णाला इजा झालेल्या रुग्णांना नुसते झोपवून ठेवण्यापेक्षा मुद्दाम डोके आणि डोळे हलवायला लावावे, असा तो विचार होता. माझ्या खोलीत भिंतीवर एक पुठ्ठा आहे, त्यावर मी ठळक 'भु' लिहिले आहे. त्याच्यावर नजर रोवून डोके डावीउजवीकडे हलवायचे. अक्षर फुटू लागले की वेग कमी करायचा. आधी बसून, मग उभे राहून, मग पावलापुढे पाऊल ठेवून, आणि पुढे जाड गादीवर उभे राहून. पहिल्या पंधरवड्यात मळमळले. मुलगा म्हणाला, होत नसेल तर सोडा, बाबा. त्याचा हेतू चांगला होता. पण असे सोडत जाण्यानेच मी बाजार सोडला होता. केसपेशी काही परत येत नाहीत. मेंदू मात्र उरलेल्यांची बोली शिकतो, आणि ती शिकण्यासाठी त्याला थोडी चूक, थोडी मळमळ दिसावी लागते.

एक व्यायाम मी माझ्या मनाने वाढवला आहे आणि डॉक्टरांनी तो हसून मान्य केला आहे. खांडव्याकडची गाडी तापीचा पूल ओलांडून भुसावळ यार्डाकडे येताना वेग कमी करू लागते. त्या बाजूला एका शेतरस्त्यावर छोटी मोरी, म्हणजे लहानसा पूल, आहे, रुळापासून दीडशे फुटांवर. ही जागा मी हिशेब करून निवडली. एवढ्या अंतरावरून चाकाची गती नजरेत सेकंदाला पंधरा-वीस अंशांवर येते, म्हणजे म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलेले येणारे चाकच मला समोर मिळते. ऊन उतरल्यावर आम्ही दोघे तिथे जातो. मी मोरीच्या कठड्याला पाठ टेकून उभा राहतो आणि वाघिणी मोजतो. नुसत्या मोजायच्या, ढिली पिन बघायची हाव मी सोडून दिली आहे. पहिल्या दिवशी सतराव्या वाघिणीपाशी सगळा पट्टा झाला आणि मी खाली बसलो. आषाढात तिशीपर्यंत पोहोचलो. मधे एक आठवडा पावसाने जाता आले नाही तर पुन्हा बावीसवर आलो.

बायको शेजारी शेंगा फोडत बसते आणि बघतही नाही, निदान मला तसे वाटत होते. परवा संध्याकाळी रिकाम्या बॉक्स-एनची गाडी आली. मी कठडा न धरता शेवटपर्यंत उभा राहिलो आणि माझा आकडा छप्पन्न आला. दोन कुठे निसटल्या ते मी आठवत होतो, तेवढ्यात ती टरफले झटकत म्हणाली, "एकोणसाठ." मी तिला सांगितले की शेवटचा गार्डचा डबा धरायचा नसतो. तिचे म्हणणे असे पडले की तो गाडीला जोडलेला होता, पुढून गेला आणि त्याला चाके होती. घरी येईपर्यंत यावर आमचे एकमत झाले नाही.